शफक, जोहरा आणि मिर्रीख

उर्दू माध्यमाच्या शाळेत मुले ग्रहांची नावे दोनदा शिकतात. उर्दूच्या पुस्तकात उतारिद, जोहरा, मिर्रीख, मुश्तरी आणि जुहल भेटतात. मराठीच्या तासाला तेच बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी होऊन येतात. नावे दोन असली तरी ग्रह एकच, हे मुलांना चटकन उमजते. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. तिथे पाऊस पडतो का? थंडी वाजते का? वारा असतो का?

प्रश्न दिसायला साधा आहे. पण १९६२ सालापर्यंत जगातील मोठमोठ्या विद्वानांनाही जोहरावर, म्हणजे शुक्रावर, ऊन किती आणि पाऊस किती हे खात्रीने सांगता येत नव्हते. कोणी तिथे दलदल पाहिली, कोणी वाळवंट, कोणी महासागर. मिर्रीखवर तर कालवे खणणारे शेतकरीही पाहिले गेले. हे अंदाज अडाणी माणसांचे नव्हते. त्यांतील काही नोबेल पारितोषिक मिळवलेल्यांचे होते. इल्म असूनही माणूस गुमानात कसा अडकतो आणि त्यातून बाहेर कसा पडतो, हे या दोन ग्रहांच्या हवामानाच्या शोधात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. म्हणून हा इतिहास मांडावा असे आम्हाला वाटले.

सअद आणि नहस

जुन्या काळी ग्रहांकडे पाहिले जाई ते नशीब वाचण्यासाठी. नुजूमी लोकांच्या हिशेबात मुश्तरी 'सअदे अकबर' म्हणजे सर्वांत शुभ आणि जोहरा 'सअदे असगर' म्हणजे त्याखालोखाल शुभ. जुहल 'नहसे अकबर' आणि मिर्रीख 'नहसे असगर'. आपल्या मराठी मुलखातही मंगळ असलेल्या मुलीचे लग्न अडते, ते याच जातीच्या समजुतीमुळे. जोहराचे नाव तर हारूत-मारूतच्या किस्स्यातही गुंफले गेले होते. एक सुंदर स्त्री आकाशात जाऊन तारा झाली असा तो किस्सा. इब्न कसीर यांच्यासारख्या मुफस्सिरांनी तो बनी इस्राईलकडून आलेला म्हणून बाजूला काढला. रिवायत कोठून आली, कोणामार्फत आली, हे तपासल्याशिवाय ती मान्य करायची नाही, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. ती पुढेही लक्षात ठेवावी.

हीच शिस्त आकाशाच्या अभ्यासातही होती. 'इल्मे हैअत' म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गतीचे शास्त्र आणि 'अहकामे नुजूम' म्हणजे फलज्योतिष, हा फरक मुस्लीम विद्वानांनी केला. इब्न सीना यांनी तर फलज्योतिषाच्या खंडनासाठी स्वतंत्र रिसाला लिहिला. बगदाद, मरागा आणि समरकंद येथे ग्रहांच्या जागा काटेकोर मोजल्या गेल्या आणि त्यांची कोष्टके म्हणजे 'झीज' तयार झाली.

पण ग्रहांवरचे हवामान हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात येणेच कठीण होते. त्या काळच्या विद्येवर अरस्तूची मोठी छाप होती. त्याच्या मते ढग, वारा, पाऊस, धुके हा सगळा पसारा चंद्राच्या खालचा. चंद्रापलीकडचे आकाश एका वेगळ्याच, न बदलणाऱ्या द्रव्याचे. जे बदलत नाही तिथे ऋतू कसले? तेव्हा ग्रहांच्या हवामानाचे ज्ञान आपल्या पूर्वजांकडे होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्याकडे जे होते ते वेगळे होते, आणि त्याची किंमत कमी नाही. मोजमाप न करता आकाशाविषयी बोलायचे नाही, ही सवय त्यांच्याकडे होती.

शफकवरून हवेची उंची

या सवयीचे एक सुंदर उदाहरण आहे. सूर्य मावळल्याबरोबर अंधार होत नाही. पश्चिमेला काही वेळ लाली आणि मग पांढुरका उजेड राहतो. त्याला आपण शफक म्हणतो. ती मावळली की इशाची वेळ होते. पहाटे पूर्वेला उजेडाची रेघ फुटते तेव्हा फज्र होते. सूर्य क्षितिजाखाली किती अंश गेला की हा उजेड संपतो, हे मुस्लीम खगोलज्ञांनी नमाजाच्या वेळांसाठी मोजले आणि १८ ते १९ अंश हा आकडा काढला. आपल्याकडच्या अनेक मशिदींत टांगलेल्या वेळापत्रकांतील फज्र आणि इशा आजही १८ अंशांच्याच हिशेबाने येतात.

अकराव्या शतकात अंदलुसमधील जैयान शहराच्या इब्न मुआज यांनी या आकड्याला पुढचा प्रश्न विचारला. सूर्य खाली गेल्यावरही उजेड दिसतो, म्हणजे वर काहीतरी आहे आणि त्यावर अजून ऊन पडते आहे. ते म्हणजे जमिनीला वेढून असलेली हवा आणि तिच्यातील वाफ. मग सूर्याचा कोन आणि पृथ्वीचा घेर माहीत असेल तर ती किती उंचीपर्यंत आहे हे भूमितीने काढता येईल. त्यांनी ते काढले. उत्तर आले सुमारे ५२ मैल. जमिनीवरून पाय न उचलता माणसाने हवेच्या थराची जाडी मोजली. आजच्या दृष्टीने हवेला अशी ठरावीक सीमा नाही, ती वर वर विरळ होत जाते. तरी उजेड परतवण्याइतकी हवा कोठवर आहे, याचा तो अंदाज बऱ्यापैकी होता.

हा रिसाला लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात कित्येक शतके वाचला गेला, पण इब्न अल-हैसम यांच्या नावावर. आपल्या समाजातल्या पुस्तिकांतून आणि भाषणांतून आजही हे श्रेय त्यांनाच दिले जाते. १९६७ साली ए. आय. साबरा या इतिहासकाराने जुन्या हस्तलिखितांची छाननी करून दाखवून दिले की हे काम इब्न मुआज यांचे आहे. काहींना वाटेल, दोघेही आपलेच, काय फरक पडतो? आम्हाला वाटते, पडतो. इब्न अल-हैसम यांनी बतलीमूसच्या ग्रंथावरील आक्षेपांचे एक पुस्तकच लिहिले. मोठ्या नावापुढे मान न तुकवता तपासणी करा, हे ज्यांनी शिकवले त्यांना न केलेल्या कामाचे श्रेय देऊन त्यांचा मान वाढत नाही. आणि ज्या इब्न मुआज यांनी ते काम केले त्यांचे नाव आपल्या मुलांना माहीतच होत नाही.

शफकची गोष्ट येथे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. हवा असेल तर शफक असते, नसेल तर नसते. हीच खूण पुढे दुसऱ्या ग्रहावर उपयोगी पडली.

जोहराच्या कडेचा उजेड

दुर्बीण आल्यावर ग्रह हे ठिपके न राहता गोल झाले. १६१० साली गॅलिलिओने शुक्राच्या चंद्रासारख्या कला पाहिल्या. १७६१ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसला. सेंट पीटर्सबर्ग येथे मिखाईल लोमोनोसोव्ह आपल्या घरातून ते पाहत होता. शुक्राची काळी टिकली सूर्याच्या कडेला आली तेव्हा तिच्या काठावर उजेडाचा फुगवटा उठलेला त्याला दिसला. त्याने निष्कर्ष काढला की शुक्राभोवती हवा आहे आणि ती पृथ्वीच्या हवेइतकी किंवा तिच्याहूनही अधिक असावी. त्याच्या लहान दुर्बिणीतून दिसले ते खरोखर हेच होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला. पुढे १७९० च्या दशकात जर्मनीच्या श्रोटरने शुक्राच्या कोरीची टोके मोजली. ती हिशेबाने जिथे संपायला हवीत त्याच्या पुढेही अंधूक उजेड पसरलेला होता. त्याने ओळखले की ही तिथली शफक आहे.

हवा आहे हे कळले. पण कोणती? कितपत उष्ण? दुर्बिणीतून शुक्र नुसता पांढराशुभ्र दिसे. ना डोंगर, ना समुद्र. म्हणजे वर ढगांचे अखंड छप्पर. आणि येथूनच गुमानाला सुरुवात झाली. ढग म्हणजे पाण्याचे, कारण आपल्याकडचे ढग पाण्याचे असतात. पाण्याचे ढग म्हणजे पाऊस. बारमाही पाऊस आणि सूर्य जवळ, म्हणजे दमट उष्ण दलदल, दाट झाडी. एकही गोष्ट न पाहता एक संपूर्ण ग्रह रचून झाला.

हा अंदाज ज्यांनी ठामपणे मांडला त्यांत स्वीडनचे स्वांते आऱ्हेनियस होते. १९०३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी. १९१८ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या पुस्तकात शुक्राचे सरासरी तापमान ४७ अंश धरले होते आणि ग्रहाचा मोठा भाग दलदलीचा मानला होता. यातील विलक्षण गोष्ट पुढेच आहे. याच आऱ्हेनियस यांनी १८९६ साली, हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचा पहिला तपशीलवार हिशेब मांडला होता. त्यांच्याआधी १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळ्या हवा भरून उन्हात ठेवल्या आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते असे नोंदवले होते. १८५९ पासून जॉन टिंडल यांनी असे वायू उष्णता कशी अडवतात ते प्रयोगाने दाखवले होते. म्हणजे शुक्राच्या कुलपाची किल्ली आऱ्हेनियस यांच्याच खिशात होती. पण शुक्राच्या हवेत काय आहे हे कोणी तपासलेले नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी ओळखीचे पाणी भरले.

छप्पर फाटते

तपासणीची सुरुवात १९३२ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर अॅडम्स आणि थिओडोर डनहॅम यांनी शुक्रावरून येणारा प्रकाश वर्णपटात पसरवला. प्रत्येक वायू प्रकाशातील ठरावीक पट्टे गिळतो, म्हणून पट्ट्यांवरून वायू ओळखता येतो. तिथे कार्बन डायऑक्साइड भरपूर निघाला. पाण्याचा पत्ता नव्हता. तरीही कल्पना थांबल्या नाहीत. १९५५ साली कोणी सोड्याच्या पाण्यासारखा महासागर सुचवला, तर कोणी तेलाचा.

१९५६ मध्ये वॉशिंग्टन येथे कॉर्नेल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या. त्या लहरी इतक्या तीव्र होत्या की त्यांवरून तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निघू लागले. अनेकांना ते पटेना. या लहरी जमिनीतून येत नसून वरच्या विद्युतभारित थरातून येत असतील, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप रास्त होता. कार्ल सेगन या तरुण अभ्यासकाने १९६० मध्ये मांडले की उष्णता खरी आहे आणि ती कार्बन डायऑक्साइडने कोंडून धरली आहे. वाद मिटवायला जवळ जाण्यावाचून मार्ग नव्हता.

१४ डिसेंबर १९६२ रोजी मरिनर २ हे यान शुक्रापासून सुमारे ३५ हजार किलोमीटरवरून गेले. त्याने ४२ मिनिटे शुक्राचे बिंब पारखले. लहरी वरच्या थरातून येत असत्या तर बिंबाची कड अधिक तेजस्वी दिसली असती. जमिनीतून येत असत्या तर कड मंद. कड मंद निघाली. भट्टी खाली होती. दलदलीची, झाडीची, महासागराची स्वप्ने त्या ४२ मिनिटांत संपली.

पुढे सोव्हिएत संघाने याने थेट त्या हवेत सोडली. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हेनेरा ४ छत्रीने खाली उतरू लागले. तापमान २६० अंशांच्या पुढे गेले आणि संदेश थांबला. यान जमिनीपर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे मरिनर ५ शुक्राजवळून गेले. दोन्हींची आकडेवारी ताडून पाहिल्यावर कळले की व्हेनेरा ४ जमिनीपासून सुमारे २५ किलोमीटर वर असतानाच गप्प झाले होते. पुढची याने अधिक भक्कम बांधली गेली. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा ७ खाली आदळले आणि संदेश तुटल्यासारखे वाटले. पुढे ध्वनिफिती पुन्हा तपासताना २३ मिनिटांचा क्षीण संदेश सापडला: तापमान सुमारे ४७५ अंश. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसाला मिळालेली ती पहिली हवामान-वार्ता. मार्च १९८२ मध्ये व्हेनेरा १३ तिथे १२७ मिनिटे टिकले. ४५७ अंश उष्मा आणि पृथ्वीच्या ८९ पट हवेचा दाब त्याने नोंदवला. शिसे ३२७ अंशांवर वितळते, यावरून त्या उष्म्याची कल्पना यावी.

ढगांचाही उलगडा याच काळात झाला. ते पाण्याचे नसून गंधकाम्लाचे आहेत. त्यांतून पडणारा आम्लाचा पाऊस जमिनीला लागण्याआधीच वाफ होऊन जातो. शुक्राचा गोल स्वतःभोवती एकदा फिरायला २४३ दिवस घेतो, पण वरचे ढग चारच दिवसांत त्याला फेरी मारतात. तळाशी मात्र वारा जेमतेम वाहतो, आणि दिवस असो वा रात्र, उष्म्यात फारसा फरक पडत नाही.

येथे एक प्रश्न विचारायलाच हवा. शुक्र सूर्याच्या जवळ आहे म्हणून तापला, असे उत्तर मुले देतात, आणि अनेक मोठेही. पण उतारिद, म्हणजे बुध, त्याहून जवळ आहे. तिथे दिवसा ४३० अंश असतात आणि रात्री तापमान उणे १८० पर्यंत घसरते, कारण त्याला हवेची रजई नाही. आणि शुक्राचे ढग सूर्यप्रकाशाचा तीन चतुर्थांश भाग परत फेकतात. म्हणजे शुक्र प्रत्यक्षात पृथ्वीपेक्षाही कमी ऊन पोटात घेतो. तरी तो भट्टी आहे. कारण घेतलेली उष्णता तिथला कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर जाऊ देत नाही. तिथल्या हवेत तो ९६ टक्के आहे. नुजूमींनी ज्याला शुभ ठरवले, त्या ग्रहावर कोणतेही यान काही तासांपेक्षा जास्त जगलेले नाही.

मिर्रीखवरचे कालवे

मिर्रीखची गोष्ट उलट्या दिशेने घडली. तिथे ढगांचे छप्पर नव्हते, जमीन दिसत होती, आणि गुमानाला तेवढेच पुरले. १७८४ साली विल्यम हर्शेलने नोंदवले की मंगळाचा अक्ष जवळजवळ पृथ्वीइतकाच कललेला आहे, म्हणजे तिथे ऋतू आहेत. ध्रुवांवरचे पांढरे ठिपके उन्हाळ्यात लहान होतात, हिवाळ्यात वाढतात. हे निरीक्षण अचूक होते. १८७७ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्लीने मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना 'कनाली' म्हटले. त्या शब्दाचा अर्थ नाले असाही होतो. इंग्रजीत त्याचे कालवे झाले. कालवे म्हटले की खणणारे आले. अमेरिकेतील श्रीमंत गृहस्थ पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ मध्ये अॅरिझोनात वेधशाळा बांधली आणि पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. मंगळ कोरडा पडत चालला आहे आणि तिथले शहाणे लोक ध्रुवांचे बर्फ वितळवून कालव्याने शेतीला पाणी नेत आहेत, असे ते चित्र होते.

१९०७ साली ८४ वर्षांच्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी लोवेलना उत्तर देणारे पुस्तक लिहिले. उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनचे सहसंशोधक ते हेच. त्यांचे म्हणणे सरळ होते. मंगळाची हवा इतकी विरळ आणि तो सूर्यापासून इतका दूर की तिथे पाणी द्रवरूपात टिकणार नाही. आणि अशा कोरड्या हवेत उघड्या कालव्यातून पाणी नेणे हे शहाण्यांचे काम नव्हे. लोकांना लोवेल आवडले. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ ने मंगळाचे पहिले जवळचे फोटो पाठवले आणि वॉलेस बरोबर ठरले. खड्डे, धूळ, आणि हवेचा दाब पृथ्वीच्या एका शतांशाहूनही कमी.

आज आपल्याला मंगळाचे हवामान बरेच ठाऊक आहे. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. तिथला हिवाळा असा की हवेतील कार्बन डायऑक्साइडच गोठून ध्रुवावर बर्फ होतो, आणि साऱ्या ग्रहावरील हवेचा दाब ऋतूप्रमाणे एक चतुर्थांशाने खालीवर होतो. कधी कधी धुळीचे वादळ सगळा ग्रह झाकते. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर ९ तिथे पोहोचले तेव्हा असेच वादळ चालू होते. ते यान वादळ शमेपर्यंत घिरट्या घालत थांबले आणि मग मंगळाचा नकाशा बनवला. सोव्हिएत याने ठरल्या वेळी त्याच धुळीत उतरली. त्यांतील मार्स ३ सुखरूप टेकले आणि काही सेकंदांत मुके झाले. २०१८ च्या वादळाने ऑपॉर्च्युनिटी ही गाडी बंद पाडली. चौदा वर्षे चालल्यानंतर तिच्या सौरपट्ट्यांना ऊनच मिळेना.

मंगळावर एके काळी नद्या वाहिल्या, हे तिथल्या कोरड्या पात्रांवरून दिसते. मग हवा गेली कोठे? ग्रह लहान, गुरुत्व कमी, आणि त्याचे चुंबकीय कवच फार पूर्वी विझले. त्यामुळे सूर्याकडून येणारे कणांचे झोत हवा खरवडून नेऊ लागले. ते आजही चालू आहे. हे मोजण्यासाठी अमेरिकेचे मेवेन यान २२ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, आपले मंगलयान तिथे पोहोचले. पहिल्याच प्रयत्नात मिर्रीखच्या कक्षेत यान पोहोचवण्याचा मान भारताला मिळाला. सहा महिन्यांसाठी पाठवलेले ते यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिले.

दोन शेजाऱ्यांमधले घर

आता तिन्ही ग्रह शेजारी ठेवून पाहू. एकाकडे हवा नको तितकी, एकाकडे नसल्यासारखी. मधली पृथ्वी. यात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. शुक्राच्या हवेत जितका कार्बन डायऑक्साइड आहे, ढोबळमानाने तितकाच पृथ्वीकडेही आहे. फरक एवढाच की आपल्याकडे तो हवेत नसून चुनखडीच्या खडकांत बांधलेला आहे. पावसाने तो हवेतून धुतला, नद्यांनी समुद्रात नेला, शंखशिंपल्यांच्या जिवांनी कवचात घेतला आणि त्याचा दगड झाला. हे काम पाण्याने केले. शुक्रावरही एके काळी पाणी असावे, असे तिथल्या हायड्रोजनच्या तपासणीवरून वाटते. उष्णतेने ते वाफ झाले, वाफेने उष्णता आणखी कोंडली आणि शेवटी पाणीच उडून गेले. मग कार्बन दगडात बांधायला कोणी उरले नाही. ज्याला आपण मीजान म्हणतो, तो तराजू एका बाजूला झुकला की काय होते ते जोहरा दाखवते, आणि दुसऱ्या बाजूला झुकला की काय होते ते मिर्रीख.

हे धडे कागदावर राहिले नाहीत. १९७१ च्या वादळात मंगळाची धुळीखालची जमीन थंड पडलेली दिसली होती. त्यावरून सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हिशेब मांडला की अणुयुद्ध झाले तर जळत्या शहरांचा धूर पृथ्वीवरही अशीच काळोखी थंडी आणील आणि पिके जातील. शुक्राच्या ढगांवर काम करणारे जेम्स हॅन्सन तो ग्रह सोडून पृथ्वीच्या हवेकडे वळले, कारण ती डोळ्यांदेखत बदलत होती. २३ जून १९८८ रोजी त्यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर साक्ष दिली की पृथ्वी तापू लागली आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे आहेत. दगडात आणि कोळशात कोट्यवधी वर्षे बांधून ठेवलेला कार्बन आपण दीडदोनशे वर्षांत सोडत आहोत.

याचा अर्थ पृथ्वी उद्या शुक्र होईल असा नाही. तसे सांगून घाबरवणे हाही गुमानच. शुक्रासारखी अवस्था फार दूर आहे. पण ती यायची गरजही नाही. दोन-तीन अंशांच्या फरकाने पावसाचे वेळापत्रक बिघडते, आणि ज्याच्या घरावर पत्रा आहे, ज्याचा माग उन्हाळ्यात बंद पडतो, ज्याची शेती एका पावसावर आहे, त्याला तो फरक सर्वांत आधी कळतो. आपल्या समाजात असे लोक किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडे दोन सवयी आहेत. काही लोक विज्ञानाचा नवा शोध लागला की तो आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होता असे सांगून मोकळे होतात. काही लोक म्हणतात, हवापाणी अल्लाहच्या हाती, त्यात आपण काय बोलणार? दोघांच्याही मुखी पूर्वजांचे नाव असते, पण त्यांचे काम नसते. इब्न मुआज यांनी शफक पाहून सुबहानल्लाह म्हटले असेल, आणि मग कोन मोजला. जुने आलिम आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडून झाल्यावर शेवटी 'वल्लाहु आलम' लिहीत. पुरावा आधी आणि ते वाक्य नंतर, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. आऱ्हेनियस, लोवेल, सोव्हिएत सरकार, सगळ्यांचे अंदाज मोजमापाने दुरुस्त केले, कोणाच्याही मोठेपणाचा मुलाहिजा न ठेवता.

म्हणून जोहरा आणि मिर्रीख यांची माहिती मुलांना द्यायची ती परीक्षेतल्या दोन गुणांपुरती नको. संध्याकाळी पश्चिमेला जोहरा दिसते तेव्हा ती पूर्वीइतकीच सुंदर असते. ढगांचे ते पांढरे छप्परच आपल्याला चमकताना दिसते. त्याच्या खाली काय आहे हे आता आपल्याला माहीत आहे. आणि आपल्या डोक्यावर जी पातळ, निळी हवा आहे, जिच्यामुळे शफक दिसते आणि पाऊस पडतो, तिचा हिशेबही आता आपल्याला माहीत आहे. माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय आपल्या पिढीला उरलेली नाही.